कस्टम रॉमआधीची तयारी: पिक्सेल, शाओमी आणि सॅमसंग

कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी दुसऱ्यांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टिम, टाकायला फार वेळ लागत नाही. पण उद्या नको वाटलं किंवा काही बिनसलं, तर फोन होता तसा परत करता येईल का? या तीन कंपन्यांच्या फोनमध्ये याचं उत्तर अगदी वेगवेगळं आहे, आणि फोन निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो.

रॉमआधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. त्यात पिक्सेलची तयारी सगळ्यात सोपी. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करायचं, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करायचं आणि कॉम्प्युटरला जोडून फास्टबूटमधून (सिस्टिम सुरू होण्याआधीचा मोड) कमांड द्यायची. अर्ज नाही, थांबणं नाही. मूळ सॉफ्टवेअर गूगल स्वतः उपलब्ध करून देतं आणि ते क्रोम ब्राउझरमधूनही टाकता येतं. ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी रॉम टाकली तर त्यानंतर बूटलोडर पुन्हा लॉकही करता येतो. सांभाळायचं ते जुन्या व्हर्जनबाबत. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए या फोनना २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ चा अपडेट आला, त्यानंतर त्यांच्यावर अँड्रॉइड १२ परत टाकता येत नाही. शिवाय या फोनमध्ये सिस्टिमचे दोन स्लॉट, म्हणजे दोन प्रतींसाठी दोन जागा, असतात. एका स्लॉटात नवा बूटलोडर आणि दुसऱ्यात जुनाच राहिला, तर चालू स्लॉट बिघडल्यावर फोन जुन्याकडे वळतो आणि कायमचा बंद पडू शकतो. म्हणून आधी दोन्ही स्लॉटवर नवा बूटलोडर चढवून घ्या.

शाओमीत मुख्य तयारी म्हणजे वाट बघणं. शाओमीचं 'एमआय' अकाउंट फोनला जोडायचं, तेही वायफाय बंद करून सिमच्या डेटावर. मग विंडोज कॉम्प्युटरवर अनलॉक टूल चालवायचं की ते कधी ७२, कधी १६८ तास थांबायला सांगतं. शाओमीची नवी सिस्टिम हायपरओएस आल्यापासून कंपनीच्या कम्युनिटी अ‍ॅपमधून परवानगीही घ्यावी लागते. त्यामुळे "रविवारी बसून उरकतो" हा बेत इथे जमत नाही.

पण शाओमीत खरा धोका नावांचा आहे. प्रत्येक मॉडेलला कंपनीचं एक आतलं नाव, म्हणजे कोडनेम असतं. भारतात रेडमी नोट ५ म्हणून विकलेला फोन आतून 'विन्स', तर नोट ५ प्रो हा 'व्हायरेड'. बाहेर काही देशांत मात्र 'व्हायरेड'च नुसत्या रेडमी नोट ५ या नावाने विकला गेला. खोक्यावरचं नाव बघून रॉम उतरवली तर चुकीच्या फोनची फाइल हातात येते. कोडनेम जुळवल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका. याच नोट ५ प्रोवर २०१८ मध्ये अँटी-रोलबॅक (जुनं व्हर्जन परत टाकू न देणारी व्यवस्था) आलं आणि जुनी मीयूआय, म्हणजे शाओमीची आधीची सिस्टिम, परत टाकायला गेलेल्यांचे फोन ब्रिक झाले, म्हणजे पूर्ण बंद पडले. चिनी फोनवर ग्लोबल रॉम असताना बूटलोडर लॉक करणंही असंच अंगाशी येतं.

सॅमसंगमध्ये एक गोष्ट कधीच परत मिळत नाही. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, फ्यूज उडतो. नंतर ओडिन या कॉम्प्युटरवरच्या टूलने मूळ फर्मवेअर (कंपनीचं सॉफ्टवेअर) टाकलं तरी तो जागेवर येत नाही, आणि सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पेमेंट सेवा त्या फोनवर बंद. त्यामुळे सिक्युअर फोल्डरमधले फोटो, कागदपत्रं आधीच बाहेर काढा. सॅमसंगच्या वन यूआय ८ या सिस्टिमपासून नव्या गॅलेक्सी फोनमध्ये अनलॉकचा पर्यायच काढून टाकलाय, तेव्हा अपडेट करण्याआधी हेही तपासा. माझं मत स्पष्ट आहे: वॉरंटीतला, रोजच्या वापरातला सॅमसंग असेल तर या वाटेला जाऊ नका.

तिन्हीकडे अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. तो एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी की कागदावर उतरवून ठेवा. ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर दुसऱ्या फोनवर हलवा. हे हमखास राहून जातं, आणि मग ईमेलमध्येही शिरता येत नाही. *#०६# लावून आयएमईआय लिहून ठेवा. फाइल उतरली की तिचा चेकसम, म्हणजे फाइल अचूक उतरली का हे सांगणारा कोड, जुळवा.

पैशांचं काय, हेही आधीच ठरवा. अनलॉक केलेला फोन फोन मूळ स्थितीत आहे का हे बघणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत अडकतो आणि बँकेची काही अ‍ॅप उघडतच नाहीत. आज चालणारं अ‍ॅप पुढच्या अपडेटनंतर चालेलच असं नाही. तुमचं यूपीआय एकाच फोनवर असेल तर आधी दुसऱ्या फोनची सोय करा.

याच कामासाठी जुना फोन घ्यायचा असेल तर मी पिक्सेल घेईन. फक्त पैसे देण्याआधी फोन नेटला जोडून ओईएम अनलॉकिंगचं बटण सुरू होतंय का ते स्वतः बघा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला पिक्सेल व्हेरायझन या तिथल्या मोबाइल कंपनीचा निघाला तर ते बटण फिकट दिसतं आणि दाबलंच जात नाही. तो फोन वापरायला उत्तम, पण या कामाचा नाही.