हेडलाईट पिवळे पडलेत: टूथपेस्ट की वॉटर पेपर?

पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटात धुकं उतरलं की हेडलाईटच्या पिवळ्या काचेमुळे रस्ता दिसतच नाही. खरं तर ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. त्यावरचा कंपनीचा संरक्षक थर उन्हाने मरतो आणि खालचं प्लास्टिक धुरकट होतं.

टूथपेस्ट स्वस्त. फडक्याने दहा मिनिटं चोळा, फरक लगेच दिसतो. पण ती फक्त वरचा मळकट पापुद्रा खरवडते. उन्हापासून आडोसा काहीच उरत नाही, म्हणून काही आठवड्यांत पुन्हा तेच. उद्या पहाटे निघायचंच असेल तर ठीक.

वॉटर पेपरला, म्हणजे पाणी मारून घासायच्या सँडपेपरला, अर्धा दिवस लागतो. आधी बाजूच्या पेंटवर मास्किंग टेप लावा, नाहीतर बॉनेटवर ओरखडे ठरलेले. मग पाणी मारत 800, 1500, 2000, शेवटी सगळ्यात बारीक 3000 नंबरने घासा. सुरुवातीला दिवा आणखी पांढरट, खराब दिसतो. मीही पहिल्यांदा घाबरलो होतो. घाबरू नका, प्रत्येक नंबरने आधीचे ओरखडे पूर्ण काढा. त्यानंतर रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), आणि शेवटी उन्हातले यूव्ही किरण रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. हा कोट टाळलात तर सगळी मेहनत टूथपेस्टच्याच वाटेने जाईल.

माझं मत ठाम आहे: निपाणी-खानापूर रात्रीचं येणं-जाणं असेल तर वॉटर पेपरच. आतून ओल किंवा तडा असेल तर मात्र दोन्ही निरुपयोगी, दिवा दुरुस्त करावा किंवा बदलावाच लागतो.