चोरीच्या कव्हरचे वेगळे पैसे घेतले आणि पॉलिसीत चोरीच नव्हती – माझा सोलापूरचा अनुभव

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. तळमजला आणि वर गच्ची असं स्वतःचं घर आहे, सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर बांधलेलं. समोरच्या खोलीत मी शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईकाम करते, जॉबवर्क, तीन मशिनी आणि कापडाचे गठ्ठे कायम पडलेले असतात. हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मिस्टरांच्या ओळखीतला एक माणूस घरी यायचा, विम्याची कामं करतो म्हणायचा. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तो म्हणाला वहिनी एवढं घर आहे, इन्शुरन्स नाही म्हणजे काय, पाच वर्षांची काढून टाका. मी पहिला प्रश्न चोरीचा विचारला कारण आमच्या मागच्या गल्लीत त्याच महिन्यात घरफोडी झाली होती. त्यानं मोबाईलवर पॉलिसीचा कागद उघडून बोट ठेवून दाखवलं, हे बघा थेफ्ट लिहिलंय. मी वाचलं, खरंच थेफ्ट लिहिलं होतं. मग म्हणाला की दागिन्यांसकट पाहिजे असेल तर वेगळं ॲड करावं लागतं, त्याचे ४,५०० जास्त. घराचे ९,००० आणि हे ४,५००, असे १३,५०० मी त्याला गुगल पे केले, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. फॉर्म त्यानं कोरा आणला होता, तुम्ही फक्त सही करा बाकी मी भरतो म्हणाला, आणि मी चहा टाकता टाकता सही केली. रात्री त्याचा मेसेज आला, वहिनी चोरी पण ॲड केली, निवांत रहा.

मागच्या उन्हाळ्यात चोरी झाली. सोलापूरचं ऊन माहितीच आहे, पारा ४३ च्या पुढं गेला की रात्री बारालाही भिंतीला हात लावून बघा, तव्यासारखी लागते. आम्ही सगळे गच्चीवर झोपायला गेलो, खाली कडी कुलूप घालून. सकाळी सहाला सासूबाई पाणी आलं का बघायला खाली गेल्या (आमच्याकडं पाणी काही दिवसाआड येतं, ज्या दिवशी यायचं त्या दिवशी सगळ्यांचे कान नळाकडं) आणि तिथूनच ओरडल्या. पुढच्या दाराचं कुलूप कोयंड्यासकट उचकटलेलं, कपाट उघडं. सासूबाईंच्या पाटल्या, माझं गंठण, बायकांच्या शिलाईच्या मजुरीचे ठेवलेले ३८,००० रोख आणि मुलाचा लॅपटॉप. पाटल्या त्यांच्या आईच्या होत्या. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, मी त्यांना सारखं सांगत होते आत्या इन्शुरन्स आहे, पैसे मिळतील, आपण परत करू. आज ते आठवलं की घशात आवंढा येतो, कारण मी त्यांना खोटी आशा लावली.

एफआयआर केली, पंचनामा झाला, कंपनीला फोन केला, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघायला येणारा माणूस, आला, फोटो काढून गेला. दीड महिन्यानं पत्र आलं, क्लेम रिजेक्ट.

मग पहिल्यांदा मी आणि मुलानं पॉलिसी पूर्ण वाचली. 'भारत गृह रक्षा' म्हणून स्टँडर्ड पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या साधारण तीच देतात. ती मुळात आग, भूकंप, वीज, वादळ, पूर, दंगल असल्या गोष्टींची आहे. त्यात चोरी आहे, पण कशी, तर यातली एखादी घटना घडली आणि तिच्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. म्हणजे घराला आग लागली, दार जळालं आणि त्यातून कोणी सामान नेलं तर मिळणार. रात्री कुलूप तोडून नेलं तर नाही. त्या माणसानं मला दाखवलेला शब्द खरा होता, त्याच्या पुढची अर्धी ओळ त्याच्या अंगठ्याखाली होती. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण त्यानं दाखवलेला कागद खोटा नव्हता, म्हणूनच मी फसले.

घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या पानावर, वेगळ्या ओळीत रकमेसकट छापून येतं. माझ्या शेड्यूलवर ती ओळच नाही. दागिन्यांची ओळ पण नाही. बिल्डिंग २५ लाख आणि घरसामान आपोआप त्याच्या २० टक्के, म्हणजे ५ लाख, पण त्या सामानात सोनं धरत नाहीत, ते वेगळं नोंदवावं लागतं. आणि प्रीमियम छापलेला ५,१६०. मी दिले १३,५००. एजंटच्या जागी नाव आणि कोड तिसऱ्याच कोणाचातरी. फॉर्मची कॉपी मागवली तर घरात व्यवसाय आहे का या प्रश्नाला 'नाही' लिहिलेलं, खाली माझी सही. उद्या आग लागून कापडाचे गठ्ठे जळाले असते तर तिथंही अडकले असते, कारण धंद्याचा माल हे घरसामान नाही, त्याची पॉलिसी वेगळी. आपल्याकडं कितीतरी घरांत खाली माग आहेत, चादरी टॉवेलचा माल आहे, शिलाईची मशीन आहेत, त्यांनी हे एकदा बघाच.

बाकी पण जे जे नाही ते वाचून मी हादरले. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भिंतींना तडे जातात, आम्ही समजायचो घर खचलं तर इन्शुरन्स आहे. जमीन खचणं कव्हर आहे, पण नवीन बांधकाम बसताना पडणारे नेहमीचे तडे नाहीत, भराव टाकलेली जागा खचली तर नाही, बांधकामच निकृष्ट असेल तर नाही, आणि शेजाऱ्यानं पाया खोदला म्हणून आपली भिंत गेली तर तेही नाही. टाकी किंवा पाईप फुटून पाणी घरात आलं तर आहे, स्लॅबमधून वर्षानुवर्षं झिरपणारी ओल म्हणजे झीज, ती नाही. कूलरची मोटर शॉर्टसर्किटनं जळाली तर त्या मोटरचे पैसे नाहीत, तिच्यामुळं आग पसरून बाकीचं जळालं तर त्याचे आहेत. गच्चीवर नवीन खोली चढवली आणि घराचं क्षेत्र १० टक्क्यांच्या वर वाढलं तर कंपनीला कळवून, जास्तीचा प्रीमियम भरून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर ती वाढीव खोली धरतच नाहीत. आमच्याच ओळीत चार घरांनी खोल्या चढवल्यात, मी विचारलं, एकानंही कळवलेलं नाही.

वेगळं घरफोडीचं कव्हर घेणार असाल तर त्यात पण बघा की कुलूप दार तोडल्याची खूण लागते, उघड्या खिडकीतून हात घालून मोबाईल नेला तर बहुतेक ठिकाणी देत नाहीत, आणि घर किती दिवस बंद राहिलं तर चालतं ते पण लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला मुलांकडं जाणारे खूप आहेत म्हणून सांगितलं.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला बघतो, मग म्हणाला ॲड करायचं राहून गेलं असेल वहिनी, मग फोन उचलणं बंद. कंपनी म्हणते तो आमचा एजंट नाही. मी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं, त्यांचं उत्तर पटलं नाही म्हणून आता पुण्याच्या विमा लोकपालांकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्यांकडं, तक्रार केलीय. सोलापूर त्यांच्याकडंच येतं, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं बघतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. त्या माणसाविरुद्ध पोलिसांत फसवणुकीचा वेगळा अर्ज दिलाय. माझ्याकडं पुरावा म्हणून दोनच गोष्टी आहेत, गुगल पेची नोंद आणि 'चोरी पण ॲड केली' हा मेसेज. मोबाईल बदलताना तो डिलीट झाला असता तर काहीच उरलं नसतं.

जुळे सोलापूर, विजापूर रोड भागात कोणी अशी पॉलिसी ओळखीच्या माणसाकडून, त्याच्या पर्सनल नंबरवर पैसे टाकून घेतली असेल तर आज शेड्यूल काढा, छापलेला प्रीमियम आणि तुम्ही दिलेले पैसे जुळतात का बघा, एजंटचं नाव कोणाचं आहे बघा. परवा समोरच्या काकूंचं काढून बघितलं, त्यांनी पण त्यालाच पैसे दिले होते. त्यांच्या शेड्यूलवर पण चोरीची ओळ नाही. त्या माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला यायला तयार झाल्यात, सोमवारी जाणार आहोत.