रेगन वाचायचे तर कुणाचे: कॅनन की मॉरिस?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं एकच जाडजूड चरित्र वाचायचं ठरवलंत, तर दोन नावं हमखास पुढे येतात: लू कॅनन आणि एडमंड मॉरिस. माझा कौल कॅनन यांना.

कॅनन हाडाचे बातमीदार. १९६०च्या दशकात सॅन होजेच्या वृत्तपत्रासाठी ते कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथलं राजकारण कव्हर करत होते. १९६७ मध्ये रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले आणि आपसूक कॅनन यांच्या बीटवर, म्हणजे बातमीदारीच्या क्षेत्रात, आले. पुढे 'वॉशिंग्टन पोस्ट'साठी त्यांनी रेगन यांचं व्हाइट हाउसही पाहिलं. खटकलं ते छापायचं आणि पुन्हा त्याच माणसासमोर वही घेऊन उभं राहायचं, हे वर्षानुवर्षं केलं की भक्तीही उरत नाही आणि आकसही. १९९१ च्या 'प्रेसिडेंट रेगन'मधला विल्यम्सबर्गचा प्रसंग बघा. १९८३ ची सात देशांची शिखर परिषद. रेगन यांचे चीफ ऑफ स्टाफ जेम्स बेकर यांनी आदल्या दिवशी दिलेली टिपणांची फाइल सकाळी जशीच्या तशी, न उघडलेली. कारण? रात्री टीव्हीवर 'साउंड ऑफ म्युझिक' लागला होता! कॅनन यावर हसून मोकळे होत नाहीत. या मूळच्या सिनेनटाला कशात रस होता, कशात नव्हता आणि त्याचा कारभारावर काय परिणाम झाला, हे ते नीट उलगडतात. इराण-कॉन्ट्रा घोटाळ्यावरची (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचा तो घोटाळा) प्रकरणं मात्र दमवतात.

मॉरिस यांची गोष्टच वेगळी. थिओडोर रूझवेल्ट यांच्या चरित्राला १९८० चं पुलित्झर मिळालेलं. १९८५ मध्ये ते रेगन यांचे अधिकृत चरित्रकार झाले. एवढी मोकळीक क्वचितच कुणाला मिळते. तरी माणूस हाती लागेना. शेवटी १९९९ मध्ये त्यांचं 'डच' (हे रेगन यांचं टोपणनाव) आलं, तेव्हा निवेदक होता रेगन यांच्याच पिढीचा, त्यांना तरुणपणापासून पाहत आलेला एक काल्पनिक 'मॉरिस'. खरे मॉरिस जन्मले १९४० साली, तेही नैरोबीत! शिवाय काही तळटीपासुद्धा रचलेल्या. गद्य देखणं आहे, वादच नाही. पण चरित्रात तळटीपेवरच भरवसा नसेल तर वाचकाने धरायचं काय?

अभ्यासासाठी, लेखासाठी हवं असेल तर डोळे मिटून कॅनन घ्या. सॅक्रामेंटोची वर्षं सविस्तर हवी असतील तर त्यांचंच २००३ चं 'गव्हर्नर रेगन' आहे. 'डच' त्यानंतर वाचा, म्हणजे कुठे कल्पना सुरू झाली ते तुमचं तुम्हालाच कळेल.