खरी स्क्रीन रेकॉर्ड करावी की नव्याने बांधावी?

पाळत आणि खासगीपणा यांवर डेस्कटॉप फिल्म करायची, म्हणजे अख्खी गोष्ट कॉम्प्युटरच्या पडद्यावरच घडवायची, असं ठरलं की लगेच दोन वाटा दिसतात. ओबीएस हे पडदा टिपणारं सॉफ्टवेअर लावून खरी स्क्रीन रेकॉर्ड करायची, किंवा आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक विंडो, प्रत्येक बटण स्वतः बनवायचं. माझं दोन्ही करून झालंय.

बांधलेली स्क्रीन देखणी असते, यात वाद नाही. कितीही झूम करा, अक्षरं फाटत नाहीत. नावं, नंबर, चॅट सगळं काल्पनिक, त्यामुळे कुणाचं काही उघडं पडत नाही. 2018 च्या ‘सर्चिंग’ या डेस्कटॉप फिल्ममधले पडदे असेच अ‍ॅनिमेशनने उभे केले होते, आणि ते शोभूनही दिसले. तुमची फिल्म काल्पनिक असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझी नव्हती. डोंबिवली ते सीएसएमटी असा रोजचा प्रवास फोनने गुपचूप टिपून ठेवला होता, तो गूगल मॅप्सच्या टाइमलाइनवर, म्हणजे आपण कुठे कुठे गेलो याच्या नोंदीवर, दाखवायचा होता. पहिल्या कटमध्ये मी तो नकाशा बनवून घेतला. दादरला एका छोट्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, तर एका काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, “हे खरंच असं साठवलेलं होतं, की तुम्ही काढलंय?” मी म्हटलं, काढलंय, पण हुबेहूब. झालं! पुढची सगळी चर्चा माझ्या ग्राफिक्सवर. पाळतीचं नावही कुणी काढलं नाही. त्यानंतर जिथे जिथे फिल्म दाखवली तिथे हाच प्रश्न आला, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. या विषयात पडदा हा पुरावा असतो, आणि पुरावा आपणच रंगवला की साक्षीदाराची उलटतपासणी सुरू होते.

नंतर खरी टाइमलाइन रेकॉर्ड केली, ते एका अर्थी बरंच झालं. 2024 नंतर ती वेबवर दिसेनाशी झाली, आता फोनमध्येच असते. माझ्याकडे निदान ती होती तशी आहे.

म्हणून खरं रेकॉर्डिंग सोपं आहे असं मात्र मुळीच नाही. फक्त विंडो पकडली तर नोटिफिकेशन येत नाहीत, पण लोकेशनची परवानगी मागणारा पॉप-अपही कधी कधी गायब होतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. पूर्ण डिस्प्ले पकडला तर मावशीचा “जेवलास का?” कोपऱ्यात हजर. फोन मिरर केला तर बँकेची अ‍ॅप्स बहुधा काळी दिसतात, त्यांनी स्क्रीन टिपायची बंदीच घातलेली असते. (खासगीपणाची एवढी काळजी बाकीच्यांनीही घेतली असती तर ही फिल्म करायला लागली नसती.)

खरा गुंता ब्राउझरच्या प्रोफाइलचा, म्हणजे आपली खाती, बुकमार्क आणि सवयी जिथे साठतात त्याचा. नवं कोरं प्रोफाइल उघडलं तर कुणाचं नाव बाहेर पडत नाही, पण मग ब्राउझरही तुम्हाला फारसा ओळखत नाही. जाहिराती गुळमुळीत, सर्चच्या सूचना सर्वसाधारण, दाखवण्यासारखं काही उरतच नाही. जुनं, वापरातलं प्रोफाइल घेतलं तर पाळत ठसठशीत दिसते, पण सोबत मित्रांचे ईमेल, सोसायटीच्या ग्रुपमधले नंबर आणि बुकमार्कमधला डॉक्टरही दिसतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. त्या हक्कावर फिल्म करताना सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर पडद्यावर झळकवणं मला तरी जमलं नाही.

मी जुनंच प्रोफाइल वापरतो आणि एडिटमध्ये नावांवर सपाट काळ्या पट्ट्या टाकतो. चौकटी-चौकटींचा धूसरपणा नको, त्यातले आकडे परत काढता येऊ शकतात. स्क्रोल करताना पट्टी नावासोबत सरकवत न्यावी लागते, हे काम रटाळ आहे, खोटं कशाला बोलू! शक्य असेल तर 4के मध्ये, म्हणजे मोठ्या आकारात, रेकॉर्ड करून त्याहून लहान 1080 च्या आकारात एडिट करा, झूमला जागा राहते. रेकॉर्डिंगच्या फाइलचा प्रकार एमकेव्हीच ठेवा. मध्येच मशीन बंद पडलं तरी तोवरचं हाती लागतं.

तुमच्या फिल्ममध्ये तक्रारदार स्वतः समोर यायला घाबरत असेल, तर त्याची स्क्रीन खुशाल बांधा आणि तसं पडद्यावर लिहा. बाकीच्यांनी, माझ्या मते, ओबीएस उघडावं.