रोड स्टड की कडेचे खांब?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडलगतच्या सोसायट्यांत आतल्या वळणदार उतारावर रोड स्टड (रस्त्यावर बसवायचे, दिव्याच्या उजेडात चमकणारे छोटे ठोकळे) लावायचे की कडेला रिफ्लेक्टरचे खांब, यावर बैठकीत वाद होतो. याची खरी कसोटी बर्फाळ प्रदेशात लागते. तिथे चार बोटं बर्फ पडला की स्टड दिसेनासा होतो. वर आलेला असेल तर बर्फ सारणाऱ्या गाडीचं पातं तो उखडून नेतं, म्हणून तो खाचेत बसवावा लागतो. जपानच्या होक्काइदोत तर रस्त्याच्या कडेवर खाली टोक केलेले लाल-पांढरे बाणच उंच टांगतात. सगळं पांढरं झालं तरी कड कळते.

ठाण्यात बर्फाचं काम गढूळ पाणी करतं. स्टड स्वस्त आणि आटोपशीर, पण डांबर ओलं किंवा धुळकट असताना चिकटवला तर इपॉक्सी (चिकटवायचा पक्का गोंद) धरत नाही आणि पावसाळ्यात टायरखाली निघून येतो. मे महिन्यात, पृष्ठभाग ब्रशने घासूनच लावा.

खांब नगाला महाग. रिव्हर्स घेताना गाड्या धडकतात, म्हणून लवचिक प्लास्टिकचाच घ्या. रिफ्लेक्टरवर उडालेला चिखल मात्र पुसत राहावं लागतं.

सरळ, निचरा चांगला असलेल्या रस्त्याला स्टड पुरतात. पाणी साचतं तिथे आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला खांबच हवेत.