मेक्सिको सिटीचं मानववंशशास्त्र म्युझियम: थेट सूर्यशिळेकडे पळू नका

पाच स्टार, अजिबात हात न आखडता. अ‍ॅझ्टेक आणि त्यांच्या आधीच्या लोकांबद्दल जराही उत्सुकता असेल तर चापुल्तेपेक पार्कातल्या ह्या म्युझियमला अख्खा दिवस द्या, अर्धा दिवस पुरत नाही. पण बहुतेक जण काय करतात, आत शिरले की अंगणातून नाकासमोर चालत शेवटचं मेशिका दालन गाठतात (मेशिका म्हणजेच आपण ज्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतो ते), सूर्यशिळेसमोर (मेशिकांनी कोरलेली भलीमोठी गोल शिळा) फोटो काढतात आणि बाकीची दालनं भराभर उरकतात. मग अ‍ॅझ्टेक कुठूनतरी अचानक उगवले असं वाटायला लागतं, आणि तसं मुळीच नाहीये, त्यांच्यामागे अडीच हजार वर्षांची शहरं, देव आणि बाजार आहेत.

अडचण एवढीच की उजवीकडून निघालं की मध्य पठाराची दालनं काळाच्या क्रमाने येतात, पण ओल्मेक लोक मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याच्या दालनात, तेही मेशिका दालनाच्या पुढे, म्हणजे त्यांच्याहून कितीतरी जुने लोक नंतर भेटतात. दालनं अंगणात उघडतात त्यामुळे उपाय सोपा आहे, आधी अंगण ओलांडून ओल्मेक बघा, मग उजवीकडे येऊन तेओतिवाकान हे जुनं शहर, त्यानंतरचे टोल्टेक लोक आणि शेवटी मेशिका. अंगण ओलांडताना एकाच खांबावर तोललेलं ते भलंमोठं छत आणि त्यातून कोसळणारं पाणी दिसतंच. वास्तुकार पेद्रो रामिरेस वास्केसने 1964 मध्ये केलेलं हे काम आजही जबरदस्त वाटतं.

ओल्मेकांची दगडी डोकी फोटोत कितीही बघितलेली असू द्या, समोर गेल्यावर बोलतीच बंद होते. जाड ओठ, रुंद नाक, कपाळावर घट्ट बसवलेलं शिरस्त्राण, आणि प्रत्येक चेहरा वेगळा, म्हणजे कुणातरी खऱ्या राजाचा असणार. हा बेसाल्ट तुश्तलाच्या डोंगरातून आणलेला, ओढायला एकही जनावर नाही, चाकाची गाडी नाही, आणि काळ इसवीसनपूर्व 1200 ते 900 च्या आसपासचा. चाक माहीतच नव्हतं असंही नाही बरं का, त्याच किनाऱ्यावर नंतरच्या काळातली चाकं लावलेली मातीची खेळणी सापडलीयेत.

तेओतिवाकानच्या दालनात पिसांच्या सर्पाच्या देवळाच्या भिंतीची प्रतिकृती मूळच्यासारख्या रंगांत उभी केलीये, ती बघाच. लाखावर वस्तीचं शहर, सूर्याचा पिरॅमिड जवळपास 65 मीटर उंच, आणि इसवीसनाच्या सहाव्या शतकाच्या आसपास सगळं ढासळलं. मेशिका आले तेव्हा तिथे ओसाड अवशेषच होते. तुला शहराचे टोल्टेक मधल्या काळातले, त्यांचा उंच दगडी योद्धा बघून पुढे निघालात तरी चालेल.

आता मेशिका दालन, इथे निवांत वेळ काढा. हे लोक मेक्सिकोच्या दरीत उशिरा आलेले, चांगली जमीन आधीच दुसऱ्यांची, म्हणून 1325 च्या सुमारास तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान ही आपली राजधानी वसवली आणि गाळ, गवत, खांब घालून चिनाम्पा नावाची शेतं पाण्यातच तयार केली. शंभर वर्षं दुसऱ्यांना खंडणी भरली, मग 1428 मध्ये त्यांचा राजा इत्स्कोआत्लने शेजारच्या तेश्कोको शहराच्या मदतीने खंडणी घेणाऱ्या अस्कापोत्साल्को शहराला हरवलं, त्लाकोपान ह्या तिसऱ्या शहराला सोबत घेऊन तिघांची युती झाली आणि खंडणी उलट ह्यांच्याकडे यायला लागली. एवढ्या कमी वेळात एवढं साम्राज्य, मला ह्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

तेनोच्तित्लानला लागूनच असलेल्या त्लातेलोल्कोच्या बाजाराचं मॉडेल लोक बघून न बघितल्यासारखं करतात, प्लीज थांबा तिथे. मेशिकांचं राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसने आपल्या राजाला लिहिलं होतं की रोज 60,000 वर माणसं तिथे खरेदी-विक्री करतात. सुट्टे पैसे म्हणून कोकोच्या बिया चालायच्या आणि वादावर निकाल द्यायला न्यायाधीश तिथेच बसलेले असायचे. नरबळीपलीकडचा हा समाज समजायचा असेल तर ह्या मॉडेलइतकं दुसरं काही उपयोगी नाही.

सूर्यशिळा 3.6 मीटर व्यासाची, 1790 मध्ये शहराच्या मुख्य चौकात, सोकालोत, सापडली. मधल्या चेहऱ्याची जीभ म्हणजे दगडी सुरी आहे, दोन्ही बाजूंच्या पंज्यांत माणसाची काळजं, भोवतीच्या चार चौकोनांत नष्ट झालेली आधीची चार जगं. पण माझं मत विचाराल तर शेजारची कोआत्लिक्वे देवीची मूर्ती हिच्याहून मोठी कलाकृती आहे. डोक्याच्या जागी समोरासमोर भिडलेले दोन साप, गळ्यात हात आणि काळजांची माळ, नेसू सापांचंच, आणि तळाशी, जिथे कुणाचीच नजर पोचणार नाही तिथेही, कोरीवकाम केलेलं! 1790 मध्येच सापडली, आणि मूळचे लोक तिची पूजा करायला लागले म्हणून परत पुरून टाकली होती.

सोमवारी बंद असतं. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश फुकट, त्यामुळे गर्दी फार, मधल्या वारी सकाळी उघडताच जा. वरचा मजला आजच्या मूळनिवासी समाजांचा आहे, तोही बघा, मेशिकांची नाहुआत्ल भाषा बोलणारे आजही दहा लाखांवर आहेत. आणि सोकालोजवळचं टेम्प्लो मायोर (मेशिकांच्या मुख्य देवळाचे अवशेष) वेगळ्या दिवशी ठेवा, त्याच दिवशी कोंबू नका. तिथल्या म्युझियममध्ये एक छोटा ओल्मेक मुखवटा आहे, मेशिकांना सापडला तेव्हाच तो दोनेक हजार वर्षं जुना होता आणि त्यांनी तो जपून आपल्या मुख्य देवळात अर्पण केला होता. ओल्मेक दालन आधी बघून गेलात तर तो लगेच ओळखू येईल.