आजोबांची ४५५, काकांची ३२: वारसानं आलेलं रिव्हॉल्व्हर ठेवावं, विकावं की देऊन टाकावं?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराकडे वारसानं दोन रिव्हॉल्व्हर आली. एक आईच्या वडिलांचं, मामांच्या परवान्यावरून आलेलं. मामांना मूलबाळ नव्हतं. दुसरं कागलच्या थोरल्या काकांचं. दोन्ही विलायती, दोन्ही वेब्ली या इंग्लिश कंपनीची. आज दोन्ही परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहेत आणि पुढं काय करायचं यावर घरात वर्षभर बोलणं चाललंय. ज्यांच्या घरात असाच पेच असेल त्यांच्यासाठी ही तुलना.

आधी ओळख. आजोबांचं हातात घेतलं की पहिल्यांदा वजन जाणवतं, किलोहून जास्तच भरतं. सहा इंची नळी, मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी. नळीच्या वरच्या पट्टीवर ‘मार्क सहा’, चौकटीवर १९१७ आणि त्याशेजारी बाणाचं छोटं टोक ठोकलेलं. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल लष्करातून रीतसर बाहेर पडला असं समजायचं. हे मॉडेल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी आलं. बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, .४५५.

काकांचं आटोपशीर, .३२ बोअरचं. बागायतदार माणूस, रात्री मळ्यावर जायचा, त्यासाठी घेतलेलं. त्याच्यावर लष्करी खूण एकही नाही, फक्त कंपनीचं नाव, नंबर आणि बर्मिंगहॅमच्या बंदूक-चाचणीगृहाचे मुकुटवाले ठसे. तुमच्याकडच्या वस्तूवर लंबगोलात ‘ई एल जी’ अशी अक्षरं असतील तर ती बेल्जियममधल्या लीएज शहरातल्या चाचणीगृहाची. तिकडं इंग्लिश आणि अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या नकला मोप बनल्या. त्यामुळं घडण ओळखीची दिसली तरी ठसा बघितल्याशिवाय नाव घेऊ नये.

ठसे बघायला भिंग पुरतं. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. आमच्याच एका पाहुण्यानं त्यांच्याकडचं रिव्हॉल्व्हर चकचकीत करून निकेलचा मुलामा चढवून घेतला. अक्षरं बुजली, मूळचा काळपट रंग गेला आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही गेली. चौकट, नळी आणि गोळ्यांचं चक्र यांवरचे नंबर एकच आहेत का तेही बघून घ्या. एखादा भाग बदललेला असेल तर नंबर जुळत नाहीत. आत गोळी आहे का हे मात्र स्वतः तपासू नका, चाप ओढून तर नाहीच. हे काम विक्रेत्याचं. डब्यात राहिलेल्या जुन्या गोळ्यांनाही परवाना लागतो.

आता किंमत. जुनं म्हणजे महाग, शंभरी ओलांडली म्हणजे लाखांत, असंच आम्ही धरून चाललो होतो. तसं नाही. आपल्याकडं किंमत ठरते बोअरवर आणि कागदावर.

.४५५ आणि .३८० ही लष्करी काडतुसं चालणारी रिव्हॉल्व्हर आपल्या नियमांत प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडून येतो. म्हणजे आजोबांचं रिव्हॉल्व्हर विकायचं तर तसाच परवाना असलेलं गिऱ्हाईक हवं, आणि असे लोक बोटावर मोजण्याइतके. परदेशी लिलावातले आकडे दाखवून कुणी भुलवेल. पण शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्या आकड्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

काकांच्या ३२ चं उलट आहे. बोअर अप्रतिबंधित, परवाना जिल्ह्यातच मिळतो, परवानाधारक पुष्कळ. १९८० च्या दशकात विलायती हत्यारांची व्यापारी आयात बंद झाली, त्यामुळं देशात आहेत तेवढीच या हातातून त्या हातात फिरतात. कानपूरच्या आयुध निर्माणीचं ३२ याच घडणीवर बेतलेलं आहे, तरी जुन्या वेब्लीला मागणी टिकून आहे. इतिहास आजोबांच्या रिव्हॉल्व्हरला आणि पैसा काकांच्या, असा हा हिशेब. ऐकून आईला वाईट वाटलं. मलाही वाटलं.

ठेवायचं असेल तर वारसाच्या नावानं परवाना मिळण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. परवानाधारक गेल्यावरच नव्हे, तो सत्तरीत पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं तरी अर्ज करता येतो. वारस दाखला, बाकीच्या वारसांची नाहरकत शपथपत्रं आणि मूळ परवाना लागतो. मूळ परवाना हरवला असेल तर खेटे वाढतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्याही त्यातच मोजतात. शिवाय नूतनीकरण आहे, निवडणुकीच्या वेळी सांगितलं तर जमा करणं आहे, घरात कुलपाची लोखंडी पेटी आहे. ही जबाबदारी नावानिशी घेणारं कुणी घरात आहे का, याचं उत्तर आधी शोधा. आमच्याकडं धाकट्या भावानं हो म्हटलं, पण तो पुण्यात असतो.

विकायचं तर खरेदीदाराचा परवाना आणि परवाना अधिकाऱ्यांना रीतसर कळवणं, एवढं चोख हवं. एका मध्यस्थानं आम्हाला सांगितलं, “कागदाचं कशाला बघताय ताई, रोख घ्या आणि मोकळं व्हा.” मी चहा तसाच ठेवून उठले. विनापरवाना बंदुकीला दोन ते पाच वर्षांची कैद आहे, आणि ते हत्यार पुढं कुठं वापरलं तर नंबर आपल्याच घराचा निघणार.

तिसरी वाट वस्तू निकामी करून ठेवण्याची. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या जुन्या हत्यारांना सूट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं ‘क्युरिओ’, म्हणजे जुन्या संग्राह्य वस्तूंच्या, गटातली शस्त्रं जवळ ठेवण्यासाठीची परवान्याची अटही काढली, वापरायला आणि ने-आण करायला ती आहेच. आपली वस्तू यात बसते का हे घरी ठरवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या. आणि हत्यार पिशवीत घालून विचारायला जाऊ नका, फोटो आणि नंबर पुरतात.

संग्रहालयाचा विचार ४५५ साठी मला सगळ्यात पटतो. आपल्या टाऊन हॉलमध्ये शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे, न्यू पॅलेसमध्ये छत्रपतींची शस्त्रं आहेत. पण नुसतं लोखंड नेऊन भागत नाही. आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांचा गणवेशातला फोटो आणि नोकरीचे कागद सोबत असतील तरच त्या वस्तूला घर मिळतं. हस्तांतराची परवानगी इथंही लागते.

निर्णय लगेच होत नसेल तर कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणं ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा आणि पावती घ्या. विक्रेता भाडं घेतो, पण वस्तू तेल लावून ठेवतो. ठाण्यातल्या दमट खोलीत दोन पावसाळे गेले की नळीला गंज धरतो, म्हणून आम्ही विक्रेत्याकडं ठेवलं.

आमचा कौल असा झालाय: काकांचं ३२ विकायचं, पैसे काकूंना द्यायचे. आजोबांचं संग्रहालयानं घेतलं तर तिथं, नाही तर भावाच्या नावानं केंद्राकडं अर्ज. कातडी म्यान आणि मुठीच्या कडीला बांधायची दोरी यांना परवाना लागत नाही. ती दोन्ही आईनं देवघराशेजारच्या फडताळात ठेवली आहेत.